चांदणीच्या पुढचं

आमच्या घरात लग्नं खाली व्हायची आणि जेवणं वर. खाली अप्पांचा छापखाना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि दोन्हींना जोडणारा लाकडी जिना. त्या जिन्यावरून शाईचा वास वर यायचा आणि फोडणीचा वास खाली जायचा. अप्पांचा सगळा धंदा लग्नपत्रिकांचा. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत कुणाचं लग्न ठरलं की नवरदेवाच्या मित्रांच्या आधी आम्हाला मुहूर्त कळायचा. लग्नसराईत पायानं चालवायच्या जुन्या मशीनचा खटाक-फस्स, खटाक-फस्स असा आवाज सकाळीच सुरू व्हायचा आणि वर अव्वाच्या भाकऱ्या त्याच तालावर थापल्या जायच्या. मशीन थांबलं की तिचा हातही थांबायचा. "शैले, बघ गं काय अडकलंय खाली. कागद का गिऱ्हाईक?" असं ती म्हणायची आणि मी जिन्यात अर्ध्यावर वाकून बघून यायचे.

अव्वा म्हणजे माझी आई. ती निपाणीकडची. रागावली की कानडीत रागवायची, त्यामुळं मला कानडी यायला लागलं ते शिव्यांपासून. अप्पा कोल्हापूरचेच. त्यांचं साधं बोलणं परगावच्या माणसाला भांडण वाटायचं. "या पावणं, बसा!" हे ते अशा आवाजात म्हणायचे की नवखा माणूस दचकून खरोखरच बसायचा. घरात तिसरे मल्लूकाका, अप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. इतक्या लोकांची लग्नं हातानं जुळवल्यावर माणसाला स्वतःची हौस उरत नसावी. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक उचलून ओळी लावण्याचं काम त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून केलेलं. मला अक्षरओळखही त्यांनीच करून दिली, तीही खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. बालवाडीत मी पाटीवर काढलेला 'क' बाईंना आरशात धरून तपासावा लागला. काकांना त्यात चूक वाटली नाही. "छापल्यावर सरळ येतंय की," एवढंच ते म्हणाले होते. ते फारसं बोलायचे नाहीत. घरात बोलणं अप्पांच्या वाट्याला आलं होतं आणि ऐकणं काकांच्या.

मी कॉलेजात असताना छापखान्यात संगणक आला. अप्पांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, अगरबत्ती लावली आणि त्याच्यासमोर नारळ फोडला. बसवायला आलेला मुलगा "साहेब, पाणी, पाणी!" असं ओरडत की-बोर्ड छातीशी धरून उभा राहिला, हे दृश्य मला अजून दिसतं. अव्वानं जुन्या मखमली परकराचं झाकण शिवलं. घरातल्या कुठल्याच मुलीला इतका चांगला परकर मिळाला नव्हता. अर्थात घरात मुलगी मी एकटीच होते. संगणकाला हात कुणी लावायचा यावर चर्चाच झाली नाही. "मल्लूनं जन्मभर अक्षरं जुळवली, हितंबी त्योच जुळवंल," असं अप्पांनी जाहीर केलं आणि काका चप्पल बाहेर काढून त्याच्यासमोर बसले. महिनाभरात त्यांच्या दोन बोटांनी पत्रिका पडद्यावर उतरायला लागल्या.

त्या काळच्या संगणकाला नाव ठेवायला आठच इंग्रजी अक्षरं चालायची, मग एक टिंब आणि पुढं तीन अक्षरं. काकांनी आपली पद्धत बसवली. कोल्यांची पत्रिका असली तर KOLE, टिंबाच्या पुढं पत्रिकेची खूण म्हणून CRD. लग्न पार पडलं, जेवणावळी उठल्या की त्याच नावाला शेपूट जोडायचं, KOLEOLD. म्हणजे झालेली लग्नं वेगळी, व्हायची लग्नं वेगळी. काकांनी कुणालाही न विचारता शोधलेली ही व्यवस्था होती आणि ती चोख होती.

याच सुमारास मी राजारामपुरीत सी भाषेच्या क्लासला जायला लागले. शेजारच्या काकूंनी अव्वाला विचारलं, "एबी झालं व्हय पोरीचं? आता सी?" अव्वानं व्हय म्हणून सांगितलं. क्लासमध्ये एका संगणकावर आम्ही तिघी बसायचो, त्यामुळं प्रोग्राम घरून कागदावर लिहून न्यावा लागायचा, आणि आमच्या घरी कागद म्हणजे वाया गेलेल्या पत्रिका. माझे सुरुवातीचे सगळे प्रोग्राम 'आपले नम्र'च्या पाठीवर लिहिलेले आहेत. क्लासचे इनामदार सर पुण्याहून आलेले. आम्हा कोल्हापूरच्या मुलींचं "सर, मी उद्या येतो, मी करून आणतो" हे ऐकून बिचारे पहिला आठवडा गांगरले होते. नंतर त्यांच्याच पुण्याच्या बायकोनं "मी भाजी आणायला जातो" असं म्हटल्यावर त्यांनी शरणागती पत्करली.

आता त्या दुपारकडे येते. लग्नसराई ऐन भरात होती. गडमुडशिंगीचे शामराव, अंगानं पैलवान आणि आवाजानं अप्पांच्या तोडीचे, मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून न्यायला आले होते. वरून अव्वानं त्यांच्यासाठी झुणका-भाकरी आणि खर्डा पाठवला होता आणि मी ताट घेऊन खाली आले होते. काका त्यांच्या पत्रिकेत शेवटचा बदल करत होते, तर संगणक जागा नाही म्हणाला. भरून गेला होता. काकांनी शांतपणे ठरवलं की झालेली लग्नं पुसून टाकावीत, म्हणजे व्हायच्या लग्नांना जागा होईल.

त्यांनी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. ती मी त्यांच्या खांद्यावरून वाचली, म्हणून आज छातीठोकपणे सांगू शकते. DEL *OLD.CRD अशी ती ओळ होती. मधल्या त्या खुणेला आमच्यात सगळे चांदणी म्हणायचे. चांदणी म्हणजे इथं काहीही असू दे. सुरुवातीला काहीही असू दे, शेवट OLD असला तर पूस, असा त्या ओळीचा सरळ अर्थ होता. प्रश्नचिन्ह लिहिलं असतं तर एकाच अक्षराची जागा सुटली असती. चांदणीच्या जागी कितीही अक्षरं बसतात, एकही नसलं तरी चालतं. काकांनी ओळ दोनदा वाचली आणि बटण दाबलं. संगणक काहीच बोलला नाही. मग काय उरलंय ते बघावं म्हणून काकांनी यादी मागितली, तर यादी रिकामी. झालेली लग्नं गेली होती आणि त्यांच्याबरोबर न झालेलीही.

काकांची पाठ ताठ झाली. अप्पांना भावाची पाठ वाचता यायची.

"मल्ल्या, काय केलंस?"

"जुनी पूस म्हटलंतं," काका म्हणाले.

"मग नवी कुठं गेली? पळून गेली?"

शामरावांचा घास हातात राहिला. "अप्पा, माझ्या पोरीचं लगीन?"

"हाय की. हुडकालोय."

"हुडकालोय म्हंजे? पोरगी घरात हाय माझी!"

"पोरगी न्हवं ओ, पत्रिका!"

"मग तसं सांगा की! जीव घेतासा काय जेवता जेवता?" असं म्हणून शामरावांनी तो घास खाल्ला, पण मागोमाग त्यांच्या लक्षात आलं की पत्रिकाही कमी गंभीर गोष्ट नाही. त्यांच्या भावकीत कुणाचं नाव कुणाच्या वर यावं यावरून आठवडाभर बैठका झाल्या होत्या आणि मोठ्या मुश्किलीनं ती उतरंड ठरली होती. "त्यो क्रम पुन्यांदा न्हाय जमायचा," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "पुन्यांदा इचारायला गेलो तर लगीनच मोडंल." आणि शामराव एकटे नव्हते. निम्म्या जिल्ह्याची लग्नं त्या डब्यात होती.

मी लुना काढली आणि सरांना आणायला गेले. सर येईपर्यंत अप्पांनी सगळ्यांना संगणकापासून चार हात लांब उभं केलं होतं, जणू त्याला फिट आली होती. सरांनी आधी विचारलं, "नंतर कुणी काही साठवलं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि समजावून सांगितलं. पुसलं म्हणजे संगणक लगेच काही फेकून देत नाही. नावाचं पहिलं अक्षर तेवढं खरवडतो आणि जागा मोकळी झाली असं समजतो. दुसरं काही त्या जागेवर लिहिलं गेलं नसेल, तर पहिलं अक्षर सांगितलं की पत्रिका परत येते.

मग सुरू झाला तो कार्यक्रम मी आयुष्यात विसरणार नाही. पडद्यावर एकेक मुंडकं उडालेलं आडनाव यायचं आणि संगणक पहिलं अक्षर विचारायचा. ?ATIL आलं तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, "पाटील!" पण पुढं ?ANE आलं.

"माने," अप्पा म्हणाले.

"राणे असतील," शामराव म्हणाले. ते आता ताट बाजूला ठेवून पुढं सरकले होते.

"राणे आमच्याकडं कशाला येतील? त्यांचा मेव्हणाच छापखानावाला हाय."

"मग साने?"

अव्वा एव्हाना जिन्यात येऊन बसली होती. ती वरून म्हणाली, "मानेच. मागल्या आठवड्यात आलत्या त्या बाई. पोराला मंगळ हाय म्हणून रडत हुत्या." ?ADAV आलं तेव्हा जाधव का यादव यावर इतका वाद झाला की समोरच्या हॉटेलातले लोक चहाचे ग्लास हातात घेऊन दारात उभे राहिले आणि तेही मतं द्यायला लागले. आठ अक्षरांत OLDचं शेपूट बसावं म्हणून काका आडनावातला H गाळायचे हे कुणाला ठाऊक? ठाऊक होतं काकांना, आणि काकांना कुणी विचारत नव्हतं. सरांनी मध्ये एकदा हळूच सांगून पाहिलं, "अहो, कुठलंही अक्षर दिलं तरी चालेल. आतली पत्रिका तीच राहणार. नाव नंतर दुरुस्त करता येतं."

"कुठलंबी?" अप्पा भडकले. "मान्यांच्या लग्नाला गाने म्हणायचं? सर, हे कोल्हापूर हाय. अक्षर चुकलं तर मांडवात मारामाऱ्या हुत्यात."

सरांनी अव्वानं दिलेला खर्डा खाल्ला. त्यानंतर ते बराच वेळ बोलू शकले नाहीत.

संध्याकाळपर्यंत सगळी लग्नं परत आली. शामरावांची भावकी आपल्या क्रमात सुखरूप होती. त्यांनी सरांना मुलीच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण दिलं आणि ते गेले. सगळं निस्तरलं होतं. पण निस्तरल्यावर अप्पांना धीर आला आणि धीर आल्यावर राग. दारात अजून हॉटेलातले लोक होते, आणि त्यांच्यासमोर ते काकांना म्हणाले, "समजत न्हाय तर हात कशाला लावायचा? शिशाचे खिळे न्हवं हे! निम्म्या गावाची लग्नं घालवली असतीस. आजपास्नं चांदणी बंद. ह्या छापखान्यात कुणी चांदणी दाबायची न्हाय!"

काका फक्त एवढं म्हणाले, "मी बरोबर लिवलंतं."

"बरोबर लिवलंतंस तर झालं कसं?"

काका उठून मशीनकडे गेले. मीही ती ओळ वाचली होती आणि मला ती बरोबरच वाटली होती.

दुसऱ्या दिवसापासून काका जागेपुरतं एकेक जुनं लग्न पूर्ण नाव घालून पुसायचे, पत्रिका टाइप करायचे आणि उठून मशीनवर जायचे. जेवायला वर येईनासे झाले. "कामं हायत" म्हणून ताट खालीच मागवायचे, आणि ते तसंच अर्धं परत यायचं. अव्वा ते अर्धं ताट अप्पांच्या समोर आदळायची आणि कानडीत काहीतरी पुटपुटायची. अप्पांना कानडी येत नसलं तरी ते पुटपुटणं येत होतं. गावात गोष्ट पसरली होतीच. गिऱ्हाईकं येता-जाता विचारायची, "आमचं लगीन हाय न्हवं जाग्यावर?" आणि काका मान खाली घालून मशीनवर पाय मारत राहायचे. एक दिवस अव्वानंच बातमी आणली. इचलकरंजीला काकांच्या मित्राचा छापखाना होता. लग्नसराई संपली की काका तिकडं जाणार होते. अप्पांना त्यांनी सांगितलं नव्हतं. अव्वाला सांगितलं होतं, ती पोळपाट धूत असताना, तिच्याकडे न बघता.

मी क्लासला जाऊन सरांना ती ओळ जशीच्या तशी लिहून दाखवली. सर हसले. म्हणाले, "तुझ्या काकांचं काही चुकलं नाही. चुकलं डॉसचं." आणि त्यांनी करून दाखवलं. डॉस, म्हणजे आमचा संगणक चालवणारी ती जुनी प्रणाली, नाव वाचता वाचता चांदणीपर्यंत यायची आणि तिथून टिंबापर्यंतचं काही वाचायचीच नाही. उरलेल्या सगळ्या जागा प्रश्नचिन्हांनी भरून मोकळी व्हायची. म्हणजे काकांनी लिहिलं होतं 'शेवटी OLD असलेली पूस' आणि तिनं ऐकलं होतं 'सगळी पूस'. अर्धं वाक्य ऐकून कामाला लागणारी माणसं मला माहीत होती, एक घरातच होतं. पण संगणकही तसलाच निघेल असं वाटलं नव्हतं.

मी लुना पळवत घरी आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. अप्पांना पटेना.

"नारळ फोडून आणलेलं मशीन खोटं बोलतंय म्हंतीस?"

"खोटं न्हाय ओ अप्पा. चांदणीच्या पुढचं वाचत न्हाय. काका बरोबर हुतं."

"मग वाचणारं करून दाव. काय शिकतीस तिथं येवढं? पण एक ध्यानात ठेव, एक जरी व्हायचं लगीन पुसलं, तर सी बंद. पुढचं डी बी न्हाय."

तर मी मनापासून लिहिलेला पहिला प्रोग्राम म्हणजे हा. आमचा अभ्यास तोवर बेरजा-वजाबाक्यांपर्यंत आलेला, आणि मला करायचं होतं ते म्हणजे एक नमुना आणि एक नाव शेजारी ठेवून जुळतं का बघायचं. नमुन्यातलं अक्षर साधं असेल तर नावातही तेच हवं. प्रश्नचिन्ह असेल तर नावात कुठलंही एक अक्षर चालेल. इथवर सोपं होतं, पुढं चांदणी होती. तिच्या जागी किती अक्षरं खपवायची हे कुणीच सांगत नाही. मी असं केलं: चांदणीच्या पुढचं अक्षर बघायचं, इथं O, आणि नावात O सापडेपर्यंत अक्षरं चांदणीच्या पोटात ढकलायची. O सापडला की पुढं L, D जुळवायचं. शेवटाला दोन्ही एकदमच संपली की जुळलं. मानेंच्या, जाधवांच्या, घाटग्यांच्या पत्रिकांची नावं मी क्लासमध्ये घालून बघितली. झालेली बरोबर निघाली, व्हायची बरोबर सुटली. मी मनातल्या मनात डी भाषेचा विचार करायला लागले.

फक्त कोले अडकले. KOLEOLD काही केल्या जुळेना. लग्न होऊन वर्ष झालेलं, सुनेला दिवस गेलेले, आणि माझा प्रोग्राम म्हणत होता की हे लग्न अजून व्हायचंय. मी तो कागदावर दहा वेळा गिरवला. घरी अप्पा रोज विचारायचे, "झालं का?" आणि मी म्हणायचे, "कोल्यांचं तेवढं राह्यलंय." शेवटी ते म्हणाले, "कोल्यांनी काय दिलंय काय तुझ्या सीला?" सरांना विचारलं तर ते म्हणाले, "कुठं अडकतं ते तूच शोध." मास्तर लोकांची ही सवय मला तेव्हा दुष्टपणाची वाटायची. पुढं बरीच वर्षं मीही मुलांना शिकवलं आणि तितकाच दुष्टपणा केला.

त्याच आठवड्यात अव्वाच्या भाचीच्या लग्नाची आमंत्रणं द्यायला आम्ही दोघी कळंब्याला गेलो. तिथल्या पाटलांकडे एक पत्रिका द्यायची होती. कळंब्यात पाटलांचं घर विचारणं म्हणजे काय हे सांगायला नको. पण अव्वाला खुणा सांगितल्या होत्या: दारात पपई, पपईखाली लाल लुना, आणि जिन्याला हिरवा रंग. पहिल्याच गल्लीत पपई दिसली, खाली लाल लुना दिसली आणि अव्वा जिना न बघताच आत शिरली. घरातल्या बाईंनी आम्हाला बसवलं, पोहे केले, अव्वानं मुलाकडच्यांची सगळी माहिती सांगितली, हुंड्यावरून काय झालं तेही सांगितलं, आणि चहा निम्मा झाल्यावर त्या बाईंनी अत्यंत अदबीनं विचारलं, "पण तुमी कोण, ते कळालं न्हाय."

बाहेर आल्यावर जिना बघितला. निळा होता. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, "अव्वा, पाटील काय सापडत न्हाईत. मी दमलो. चल घरी."

"घरी? येका पपईला फसलो म्हणून घरी?" अव्वा पदर खोचत म्हणाली. "पपई काय येकाच्याच दारात असती? चल रस्त्याला, म्होरची पपई बघायची. पुन्ना लुना, पुन्ना जिना."

पुढच्या गल्लीत दुसरी पपई होती, तिच्याखाली दुसरी लाल लुना होती, आणि जिना हिरवागार होता. अव्वा पत्रिका घेऊन वर गेली, आणि मी खालीच उभी राहिले, कारण मला एकदम कोले दिसले होते. K, मग O. माझा प्रोग्राम पहिल्या O ला थांबत होता. L जुळत होता. मग D च्या जागी E निघत होता, आणि प्रोग्राम माझ्यासारखाच दमून सरळ घरी जात होता, जुळलं नाही म्हणून सांगत. त्यानं परत रस्त्यावर यायला हवं होतं. जिथं चांदणी सोडली तिथं मागं यायचं, आणखी एक अक्षर तिच्या पोटात ढकलायचं, पुढचा O बघायचा आणि सगळ्या खुणा पहिल्यापासून तपासायच्या. नाव संपेपर्यंत.

मी पिशवीतली पत्रिका काढून तिच्या पाठीवर लिहायला लागले. अव्वा खाली आली तेव्हा माझं जवळजवळ होत आलं होतं.

"अय्यो, कुणाची घान केलीस ही?"

ती गगनबावड्याच्या मावशीची होती. तिला शेवटी तोंडी आमंत्रण गेलं, आणि ती त्यावरून अजून टोमणे मारते.

क्लासमध्ये कोले जुळले. मी प्रोग्रामला PUS असं नाव दिलं, आणि एक गोष्ट त्यात मुद्दाम घातली: काय काय पुसणार त्याची यादी आधी पडद्यावर दाखवायची, विचारायचं, आणि माणूस हो म्हणाला तरच पुसायचं. फ्लॉपी घेऊन मी दुपारी छापखान्यात आले. गिऱ्हाईक नव्हतं. काका मशीनवर होते. मी त्यांना हाक मारली आणि संगणकासमोर बसा म्हटलं. ते अप्पांकडे बघायला लागले. अप्पा छताकडे बघायला लागले.

"काका, त्या दिवशीचीच ओळ लिवा. फक्त DEL च्या जागी PUS लिवा."

काकांनी हात पुसले. दोन बोटांनी, एकेक अक्षर, जसा खिळा उचलावा तसं, त्यांनी लिहिलं: PUS *OLD.CRD. बटण दाबायला त्यांनी किती वेळ घेतला ते विचारू नका. वरून अव्वाच्या भाकरीचा आवाज बंद झालेला मला ऐकू आला.

यादी आली. अप्पा चष्मा लावून पुढं आले आणि मोठ्यानं वाचायला लागले. "घाटगे. ह्यांच्यात जेवान फक्कड हुतं. चव्हाण. ह्यांचा बँडवाला पिऊन आलता. कोले... आले का कोले? आले! सूनबाईला पोरगी झाली काल." एकेका लग्नाचा निरोप घेत ते खालपर्यंत गेले. यादीत एकही व्हायचं लग्न नव्हतं. त्यांनी पुन्हा वरपासून वाचली. मग ते काकांकडे न बघता म्हणाले, "पूस."

काकांनी हो म्हणून सांगितलं, मग उरलेल्यांची यादी मागितली. व्हायची सगळी लग्नं जागच्या जागी होती. काका पडद्याकडे बघत राहिले. आता बोलायचं होतं अप्पांनी, आणि अप्पांना ते जमणार नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अप्पा उठले आणि चप्पल न घालता बाहेर गेले. समोरच्या हॉटेलात त्यांचा चढलेला आवाज आला, हॉटेलवाल्याचाही आला, आणि मग ते रस्ता ओलांडून परत आले ते डोक्यावर हॉटेलची एक लोखंडी खुर्ची घेऊन. दारात त्या दिवशी उभी असलेली माणसं आजही ग्लास घेऊन बघत होती. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच आवाजात, अप्पा म्हणाले, "आमच्या मल्लूचं काय चुकलं न्हवतं ओ. मशीन अर्धवट हुतं. पोरीनं दुरुस्त केलं." मग खुर्ची त्यांनी काकांच्या शेजारी ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि मला म्हणाले, "बस हितं. आन त्याला काय लागंल ते बघ."

त्या दिवशी काका जेवायला वर आले. इचलकरंजीचं नाव पुन्हा निघालं नाही. खुर्ची मात्र हॉटेलवाल्यानं पुढं कित्येक वर्षं परत मागितली. अप्पांनी त्याच्या दोन्ही पोरांच्या पत्रिका फुकट छापून दिल्या, खुर्ची दिली नाही.